तेराव्या झोनचा माळी

फिनिक्सच्या आसपास, म्हणजे चँडलर, टेंपी, मेसा, गिल्बर्ट या एकमेकांत मिसळून गेलेल्या गावांत, गणपतीच्या जेवणाला गेलात तर हे गृहस्थ हमखास भेटतात. ओळखायची खूण सोपी आहे. मोदक वाढणारा पुढ्यात उभा असतो आणि हे शेजारच्या पाहुण्याला विचारत असतात, "तुमच्याकडे कलिची किती इंचांवर लागते?" पाहुण्याला वाटतं, ही कोशिंबिरीची जात असावी. तो म्हणतो, "मला पुरे."

हे मूळचे चिपळूणचे आणि नोकरी चिपच्या कारखान्यात, त्यामुळे नावातला 'ळूण' तेवढा सुटला असं ते स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. चिपळूणला परसात थुंकलेल्या पपईच्या बीचंही झाड होतं, म्हणून आपल्या हाताला गुण आहे अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत. फिनिक्सला वर्षाकाठी पाऊस पडतो साधारण 180 मिलिमीटर. एवढा चिपळूणला आषाढातल्या एका दिवसात पडतो आणि शाळेला सुट्टीसुद्धा मिळेलच असं नाही. तर पहिल्या उन्हाळ्यात ह्यांच्या परसातली झाडं हाताच्या गुणाला न जुमानता वाळून गेली. इंजिनिअरला झाड मेल्याचं दुःख कमी होतं. मॅन्युअल न वाचता यंत्र चालवल्याची बोच जास्त. दुसऱ्या दिवसापासून पुस्तकं यायला लागली.

पहिली आली ती वजनावर. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाडजूड, गुळगुळीत कागदाची, मुखपृष्ठावर गुलाबाच्या वेलीखाली बसलेली इंग्लंडातली खुर्ची. या पुस्तकांत प्रत्येक झाडाला 'ओलसर, पण पाण्याचा निचरा होणारी जमीन' लागते. ह्यांच्या परसात जमीन ओलसर नव्हती, आणि ओली केली तर निचरा होत नव्हता. 'भरपूर ऊन' हाही शब्द इंग्लंडातला. तिथे भरपूर ऊन म्हणजे आपली संक्रांतीची सकाळ. 2023 साली फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर होता, सग्वारो निवडुंग उभेच्या उभे कोसळले, त्या उन्हाला 'भरपूर' म्हणणं म्हणजे महापुराला 'ओल आहे' म्हणण्यासारखं.

मग अमेरिकन पुस्तकं आणली. पण अमेरिका म्हणजे एक गाव नव्हे. ही पुस्तकं लिहिणारे पूर्वेकडचे. तिकडचा जुना दंडक असा की टोमॅटोची रोपं 'मदर्स डे' झाल्यावर, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारनंतर, बाहेर लावावीत. ह्यांनी आईला फोन केला, शुभेच्छा दिल्या आणि लगेच खुरपं घेऊन बाहेर गेले. रोपं जगली. फुलंही आली. पण दिवसाचा पारा 35 च्या पुढे आणि रात्रीही हवा तापलेली असली की टोमॅटोचा पराग निकामी होतो आणि फुलं गळून पडतात. फिनिक्सला टोमॅटो लावायचे फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मेमध्ये खायचे. ह्यांनी मेमध्ये लावून जूनमध्ये झाडून टाकले.

त्याच पुस्तकात जमिनीचा आंबटपणा घालवायला चुना टाका असंही होतं. पूर्वेकडच्या पावसाने धुतलेल्या जमिनीला ते लागू पडतं. फिनिक्सच्या जमिनीचा सामू आठाच्या वर असतो, तिच्यात मुळातच चुनखडी ठासून भरलेली. ह्यांनी पिशवी फोडली आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्याच बागेला चुना लावला.

यातून धडा एकच घेतला: आपला झोन कळला पाहिजे. अमेरिकेच्या शेती खात्याचा एक नकाशा आहे, रोपवाटिकेतल्या प्रत्येक चिठ्ठीवर त्याचा आकडा छापलेला असतो. हा आकडा हिवाळ्यातली सर्वात थंड रात्र किती थंड असते, एवढ्यावरच ठरतो. त्यामुळे फिनिक्स आणि दमट फ्लोरिडाचा मधला पट्टा एकाच आकड्यात येतात. थंडीने झाड मरेल का, ते हा नकाशा सांगतो. उन्हाने मरेल का, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.

ते विचारलं 'सनसेट'ने. रेल्वे कंपनीने पश्चिमेची जाहिरात करायला 1898 साली काढलेलं हे मासिक, आणि 1954 साली निघालेलं त्यांचं 'वेस्टर्न गार्डन बुक'. त्यात पश्चिम अमेरिकेचे 24 झोन पाडले आहेत, आणि ते पाडताना थंडीबरोबर उन्हाळा, उंची, वारा, हवेतला दमटपणा, सगळं धरलं आहे. फिनिक्स त्यात झोन 13. हे कळलं त्या रात्री हे गृहस्थ वहिनींना उठवून म्हणाले, "अहो, आपण तेराव्यात आहोत!" वहिनी झोपेत म्हणाल्या, "कोण गेलं?"

वहिनींचं माहेर दुष्काळी सांगोल्याचं. ही गोष्ट त्या घरात वीस वर्षं सगळ्यांना ठाऊक होती, पण संदर्भ म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

ठिबकच्या नळ्या अंथरल्या, लिंबाचं झाड लावायचं ठरलं. खड्डा खणायला घेतला तर सहा इंचांवर फावडं ठण्णकन वाजलं. पांढरी, सिमेंटसारखी घट्ट पाटी. हीच ती कलिची, म्हणजे पाण्याबरोबर उतरून खाली साठलेल्या चुनखडीचा थर. ह्यांनी तो आधी पुस्तकात शोधला, मग स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणून एका खड्यावर चार थेंब टाकले. खडा फसफसला. हे मुलाला हाका मारून दाखवायला लागले. खड्ड्यात संध्याकाळी पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ते तसंच होतं, वर एक पाकोळी तरंगत होती. मग पहार आली. चार शनिवार पहारीचा ठणठणाट चालला तेव्हा कुठे थराला आरपार भोक पडलं.

लिंब लागलं, आणि वर्षभरात पिवळं पडलं. ह्यांनी टेबलावर सात पुस्तकं उघडी मांडली. एकात पाणी जास्त झाल्याचं लक्षण म्हटलेलं, दुसऱ्यात कमी झाल्याचं. वहिनी डबा धुऊन बाहेर आल्या, एक पान उन्हाकडे धरलं, पान पिवळं आणि शिरा हिरव्या, आणि म्हणाल्या, "केवडा पडलाय. लोह घाला. चिलेटेड आणा, साधं घातलं तर या मातीत पोचत नाही." हे तासाभराने आतून ओरडले, "सापडलं! आयर्न क्लोरोसिस!" वहिनी म्हणाल्या, "अगबाई, खरंच?"

खरं तर उपयोगाची पुस्तकं जाड नसतातच, हे ह्यांना चौथ्या कपाटाच्या वेळी कळलं. नावात 'साउथवेस्ट' असलेलं प्रत्येक पुस्तक घ्यायचा एक काळ होऊन गेला. पण नैर्ऋत्येत सांता फेही येतं, सात हजार फुटांवरचं, हिवाळ्यात बर्फाखाली जाणारं. फिनिक्स अकराशे फुटांवर. तिथल्या लेखकाने सुचवलेली लॅव्हेंडर इथे आणणं म्हणजे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्यांना चंद्रपूरला बदली देणं. शेवटी हाताशी उरली ती थोडी. डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या मेरी आयरिश यांची, कोणत्या महिन्यात काय करायचं ते सांगणारी. मॅरिकोपा काउंटीच्या मास्टर गार्डनर मंडळींचं 'डेझर्ट गार्डनिंग फॉर बिगिनर्स'. आणि विद्यापीठाच्या विस्तार विभागाचं भाजीलागवडीचं फुकट वेळापत्रक. ते पाहून वहिनी म्हणाल्या, "ही तर कृषिदर्शनी." राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी त्यांच्या वडिलांच्या फडताळात पंचांगाशेजारी असायची, आणि पंचांगापेक्षा जास्त मळलेली असायची.

ब्रॅड लँकेस्टर यांचं पावसाचं पाणी अडवण्यावरचं पुस्तक मात्र ह्यांनी एका बैठकीत वाचलं. टूसॉनला या माणसाने रस्त्याच्या कडेचा कठडा कापून वाहून जाणारं पाणी झाडांच्या आळ्यांत वळवलं. आधी ते बेकायदा होतं, पुढे नगरपालिकेनेच परवानगी दिली. हे वाचून ह्यांनी पुढच्या अंगणात तीन खळगे खणले. सोसायटीची नोटीस परवानगीच्या आधी आली. "सांगोल्याला याला पाणलोट म्हणतात आणि सरकार पैसे देतं," असं वहिनी म्हणाल्या. हे इंग्रजीत भाषांतर करून उत्तरात घालावं की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

कपाटातलं एकच पुस्तक संदर्भाचं नसून वर ठेवलेलं आहे. गॅरी नॅबहन यांचं 1982 सालचं, ओऑडम लोकांच्या वाळवंटी शेतीवरचं. वाळवंटाचा वास कसा असतो, या प्रश्नाला एका मुलाने दिलेलं 'पावसासारखा' हे उत्तर त्याचं नाव झालं आहे. वास असतो तो क्रिओसोट या झुडपाचा. इथला मान्सून हवामान खात्याच्या हिशोबाने 15 जूनला सुरू होतो, ढग असोत नसोत. ह्यांचं मृग लागूनही तेव्हा आठवडा उलटलेला असतो, त्यामुळे ते रोज अंगणात जाऊन नाक वर करून उभे राहतात. जुलैत कधीतरी वावटळ येते, धूळ उडते, चार थेंब पडतात आणि तो वास सुटतो. त्या दिवशी पुस्तक उघडत नाहीत. चिपळूणला फोन लावतात आणि पावसाचं कुणी विचारायच्या आत आपणच सांगून टाकतात.

आता नवा कुणी गावात आला की त्याला ह्यांच्याकडे पाठवतात. परवा एक नवं जोडपं वास्तुशांतीत आहेर मिळालेलं चार किलोचं बागकामाचं पुस्तक कौतुकाने घेऊन आलं. ह्यांनी मुखपृष्ठ पाहिलंच नाही. थेट शेवटची सूची उघडून कलिची शोधली, नव्हती. मग टोमॅटो कधी लावायला सांगितलेत ते पाहिलं. मग लेखक राहतो कुठे ते पाहिलं, आणि ओहायो वाचून पुस्तक दोन्ही हातांनी, मृताला द्यावा तसा मान देऊन, परत केलं. "लेखक इथलाच पाहिजे. ज्याची झाडं इथे मेलीत, असा."

आपलं पुस्तक ते देत नाहीत, फोटो काढू देतात. त्या दोघांनी जुलैचं पान उघडलं. समासात ह्यांच्या बारीक अक्षरात चार वर्षांचे तापमानाचे आकडे, सावलीच्या कापडाचे टक्के, सामूचा तक्ता. आणि खाली, निळ्या शाईत, निराळ्या वळणदार अक्षरात: "भेंडी, चवळी राहू द्या. नवं काही लावू नका. पहाटे पाणी."

"हे कुठल्या पुस्तकातलं?" त्या जोडप्यातल्या मुलीने विचारलं.

"ते होय," चष्मा पुसत हे म्हणाले, "ते स्थानिक लेखिकेचं." आत वहिनी डाळिंब सोलत होत्या.