ग्रँपांची मौनसाधना

एल्कच्या शिकारीत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर गप्प बसणं. हे मला आमच्या शेजारच्या ग्रँपांनी एका संध्याकाळी सलग पावणेदोन तास समजावून सांगितलं.

ग्रँपा माझे कोणी नव्हेत. माझे खरे आजोबा कोल्हापूरचे, आणि उंदराच्या सापळ्यापलीकडे त्यांनी जन्मात शिकार केली नाही. हे ग्रँपा कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचे, आमच्या कुंपणापलीकडचे. नात त्यांना ग्रँपा म्हणते, म्हणून सगळी गल्ली म्हणते. असे ग्रँपा कोलोरॅडोत गावोगाव सापडतात. खूण सोपी आहे. गाडी अंगणात उभी असते, कारण गॅरेजमध्ये डीप फ्रीझर, तीन तंबू, चार प्रकारचे बूट आणि एक करवत असते. गॅरेजच्या दारावर भलीमोठी शिंगं. ती पाहून पाहुणा दबकतो. पण एल्कचा नर दर वसंतात आपली शिंगं आपणच टाकून देतो आणि फिरायला गेलेला माणूस ती उचलून आणू शकतो, हे पाहुण्याला कुठून माहीत असणार? मलाही तीन वर्षांनी कळलं.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा अमेरिकेतला थोरला चुलतभाऊ. काश्मीरचा हंगूल तर त्याच्या आणखी जवळचा. नर सहज तीनशे किलोंचा. हे मी फोनवर आईला सांगितलं, तर लाईन खरखरत होती म्हणून तिने ऐकलं 'सांबार', आणि तीनशे किलो सांबार कोणाच्या लग्नात केलं, असं विचारलं. कोलोरॅडोत अडीच लाखांवर एल्क आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ते मारून मारून जवळजवळ संपवले होते. मग 1913-14 साली यलोस्टोनहून काही आणून एस्टेस पार्कच्या बाजूला सोडले. त्यांचे वंशज आता त्या गावात गोल्फच्या मैदानावर बसून रवंथ करतात आणि लोकांच्या बागा खातात. ग्रँपांना या एल्कांचा मनस्वी राग आहे. "ते एल्क नव्हेत. सरकारी नोकर आहेत."

एवढे एल्क असूनही शिकाऱ्यांत साधारण पाचात एकालाच यश येतं. ग्रँपांचा हिशोब त्याहून थोडा कमी: 41 हंगाम, 7 एल्क. उरलेल्या 34 हंगामांची कारणं त्यांच्याकडे तारीखवार तयार आहेत. वारा फिरला. चंद्र पूर्ण होता, त्यामुळे एल्क रात्रभर चरले आणि दिवसा झोपले. बर्फ पडला नाही. बर्फ फार पडला. आणि यातलं काहीच लागू पडलं नाही, तर टेक्ससवाले. टेक्ससहून आलेले शिकारी डोंगरात आरडाओरडा करतात, गाड्यांची दारं आपटतात आणि जनावरं उधळतात, असं कोलोरॅडोच्या माणसाचं ठाम मत असतं. निसटलेल्या एल्कच्या गोष्टी ऐकाव्यात त्या ग्रँपांकडूनच. हाती लागलेल्या सातांबद्दल ते फारसं बोलत नाहीत. त्यांना वजन असतं, कसायाची पावती असते. निसटलेल्याला कसली आली पावती?

एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे काय मारतात?"

म्हटलं, "शिकारबंदी झाल्यापासून काही नाही. त्याआधी आमच्या कोल्हापूरचे महाराज चित्ते पाळून काळविटांची शिकार करायचे."

चित्त्यांवर ते बराच वेळ खूश होते. मग एकदम गंभीर झाले. "म्हणजे आता ऑक्टोबरात लोक करतात तरी काय?"

"दिवाळी असते. फटाके उडवतात."

"हां," ते समाधानाने म्हणाले. "म्हणजे बार काढतात."

नात बारा वर्षांची झाली आणि ग्रँपांच्या आयुष्याला नवा अर्थ आला. कोलोरॅडोत मोठ्या जनावराच्या शिकारीला बारा पूर्ण लागतात, आणि सोळापर्यंत सोबत कोणीतरी मोठं माणूस लागतं. दोघं एकमेकांना दिसतील आणि ऐकू येतील एवढ्या अंतरात राहायचं, असा नियम आहे. त्यातला ऐकू येण्याचा भाग ग्रँपा जरुरीपेक्षा जास्त पाळतात. पोरीने शिकाऱ्याचा सरकारी कोर्स केला, परीक्षा दिली, पास झाली. ग्रँपांनी कोर्स केलेला नाही. 1 जानेवारी 1949 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच तो सक्तीचा आहे, आणि ग्रँपांचा जन्म 28 डिसेंबर 1948 चा. चार दिवसांनी वाचले. पण ते हे असं सांगतात, जणू राज्य सरकारने त्यांचं ज्ञान पाहून सन्मानपूर्वक माफी दिली आहे.

पहिल्या वर्षी दोघं रिकाम्या हाताने आले. (वारा, आणि टेक्ससवाले.) पोरगी काही बोलली नाही. ती एरवीही कमीच बोलते. पाच दिवस आजोबांशेजारी झुडपात बसून तिने काय पाहिलं, काय ऐकलं, ते तिने कोणालाच सांगितलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात मला बरोबर घेतलं, ते हमाल म्हणून. ग्रँपा म्हणाले, "तुला निसर्ग दाखवतो." त्यांच्या गुडघ्यांनी बहुधा दुसरं काहीतरी म्हटलं असावं. पाच तासांचा रस्ता: डोंगर ओलांडून रायफल नावाच्या गावाला, तिथून उत्तरेला मीकर. रायफलच्या हंगामात रायफल गावावरून जाताना ग्रँपा दरवर्षी तोच विनोद करतात. तो इथे देत नाही. मीकरच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्सचे सपाट माथ्यांचे डोंगर, दहा हजार फुटांहून उंच, आणि राज्यातला सगळ्यात मोठा एल्कांचा कळप त्याच भागात. सामान भरण्याचं काम पोरीकडे होतं, तोही शिक्षणाचाच भाग. यादी ग्रँपांची, दोन पानी. शेवटून दुसरी नोंद: "माझी चंची."

ही चंची म्हणजे तंबाखूची जुनी कातडी पिशवी. तंबाखू सुटून वीस वर्षं झाली. आता तिच्यात बटरस्कॉचच्या गोळ्या असतात, त्या पिवळ्या पारदर्शक कागदातल्या. दर दहा मिनिटांनी एक लागते. "मन एकाग्र राहतं."

पहाटे साडेचारला निघालो. तिघांच्याही अंगात कायद्याप्रमाणे भडक नारिंगी जाकिटं, डोक्यावर नारिंगी टोप्या, दसऱ्याला मंडईत झेंडूचे ढीग लागतात तसे तीन ढीग अंधारात चढण चढत होते. एल्कला हा रंग नीट दिसत नाही. "टेक्ससवाल्यांना दिसतो," ग्रँपा कुजबुजले. त्यांची कुजबुज समोरच्या डोंगराला आपटून परत येते.

वाटेत वाऱ्याचा पाठ झाला. रात्रभर थंड हवा दरीत उतरत असते, ऊन पडलं की वर चढायला लागते. म्हणून पहाटे जनावराच्या खालच्या अंगाला राहायचं. ग्रँपांनी छोट्या बाटलीतून पांढरी पूड हवेत उडवली. पूड खरंच उताराकडे, माझ्या तोंडावर आली. मला शिंक आली. ग्रँपांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जन्माने टेक्ससचा.

कुरणाच्या कडेला एका आडव्या पडलेल्या खोडामागे आम्ही बसलो. रात्री कुरणात चरायचं आणि उजाडता उजाडता दाट झाडीत शिरायचं, हा एल्कांचा क्रम. पोरीने बंदूक दोन काठ्यांच्या बेचक्यावर टेकवली. तिच्याकडे मादीचा परवाना होता. इंग्रजीत एल्कच्या मादीला 'काउ' म्हणतात. हा शब्द मी आईला फोनवर मुळीच सांगितला नाही. सांबारावरच प्रकरण थांबलेलं बरं. ग्रँपांनी खिशातून चंची काढली, न बघता बोटं आत घातली, काहीतरी तोंडात टाकलं. मग आम्हाला खुणा सुरू केल्या. दोन बोटं वर, मूठ, मग हात गोल. या खुणांचा अर्थ नातीला ठाऊक नव्हता, मला नव्हता, आणि मागाहून विचारलं तेव्हा त्यांनाही आठवेना.

आधी आवाज आला. मांजरीच्या पिलासारखं बारीक म्याव. एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून तो आवाज कसा निघतो, कोण जाणे. मग एकेक करून त्या आल्या. पुढे म्हातारी मादी, मागे आठ-नऊ, दोन वासरं. पावलांखाली गोठलेलं गवत करकरत होतं, नाकपुड्यांतून वाफ निघत होती. एकशे चाळीस यार्डांवर पुढची थांबली आणि आमच्याकडे वळून बघत राहिली. कान, माझ्या तळहाताएवढे दोन, एकदा पुढे, एकदा मागे. ग्रँपांचा हात पुन्हा चंचीत गेला. गालात गोळी फिरताना मला दिसली. म्हातारीने कान पाडले आणि गवताला तोंड लावलं.

"आता," ग्रँपा कुजबुजले. "थांब. खांद्यामागे. श्वास. आता. नको."

पोरगी थांबलीच होती. तिने नेम धरलेल्या मादीच्या बरोबर मागे एक वासरू होतं. गोळी आरपार गेली तर त्याला लागणार. मी मनात चाळीसपर्यंत आकडे मोजले. वासरू चार पावलं सरकलं. मग बार झाला.

कळप उधळला. ती मादी पन्नासेक पावलं धावली, थबकली आणि बसावं तशी खाली गेली. पोरीने बंदूक खाली ठेवली, हातमोजे काढले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, कारण ते थरथरत होते. ग्रँपांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. अर्धा तास थांबायचं असतं, तेवढा अर्धा तास ते खरोखर एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली.

पुढची कामं मात्र गप्प राहून होत नाहीत. परवान्यावर सही, तारीख. मग कातडं लवकर सोडवायचं. आत ऊब कोंडून राहिली तर मांस बिघडतं. पोरीच्या बाह्या कोपरापर्यंत लाल. करड्या रंगाचे निर्लज्ज डोंगरी पक्षी हातभर अंतरावर येऊन चरबीचे तुकडे पळवत होते. वरच्या जबड्यातले दोन सुळे ग्रँपांनी काढून तिच्या हातावर ठेवले. हे दात हस्तिदंतासारखे असतात, शिकारी ते जपून ठेवतात, बायका अंगठीत बसवून घेतात. तिने ते रुमालात बांधले. मागचा एक पाय माझ्या पाठीवर चढला. पंचवीस किलो तरी असेल, गाडी तीन किलोमीटर, आणि खेपा दोन. ग्रँपांनी काळीज आणि नेतृत्व उचललं.

मीकरला जेवायला थांबलो. काउंटरवरच्या बाईने नारिंगी टोप्या पाहून विचारलं, मिळालं का काही? ग्रँपा सरसावले. खुर्ची मागे सारली, घसा साफ केला.

"ती उभी होती, मी बार टाकला, ती पडली," पोरगी म्हणाली, आणि चीजबर्गर मागितला.

ग्रँपांच्या चेहऱ्यावर असं दुःख मी 34 हंगामांच्या हकिगतींतही पाहिलं नव्हतं. "पोरी, असं नसतं सांगायचं," ते कळवळून म्हणाले. "वारा कुठे गेला त्यात? याची शिंक कुठे गेली?"

परतीच्या वाटेवर तीच गोष्ट त्यांनी आम्हालाच सांगायला घेतली, पहाटे साडेतीनच्या गजरापासून. रायफल गाव येईस्तोवर आम्ही अजून बूटच घालत होतो. मी डोळे मिटून या मांसाचा तांबडा रस्सा करावा की सुकं, याचा विचार करत होतो. एल्कच्या मांसात चरबी फार कमी, जास्त शिजलं तर चप्पल होते. मध्येच गोष्ट थांबली. ग्रँपा एका हाताने चंची चाचपत होते. त्यांनी ती उलटी केली, तर बाहेर पडला बटरस्कॉचचा एकच मोठा गोळा. सगळ्या गोळ्या खिशातल्या उबेने एकमेकींना चिकटून गेलेल्या.

"बघा! कागदच नाही," ते म्हणाले. "चार पैसे वाचवायला आता कागदसुद्धा घालत नाहीत. पूर्वी कशी एकेक छान गुंडाळलेली यायची. कागद सोडवायचा, तो आवाज यायचा…"

मागच्या सीटवर पोरगी खिडकीबाहेर बघत होती.