बडेबाबू रोमला जातात

सोनकच्छच्या तहसील कचेरीत उभी हयात काढलेल्या माणसाला निवृत्त म्हणणं हा निव्वळ कागदोपत्री व्यवहार. आमचे बडेबाबू अजूनही लग्नपत्रिकेवर आधी आवक क्रमांक टाकतात, मग मुहूर्त वाचतात.

लेकीकडे रोमला गेले, तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, कोलोसियम बघू या?"

"जुने दगड आमच्या गंधर्वपुरीत पुष्कळ आहेत. जावईबापू, एखादं चालू दफ्तर दाखवा."

जावई हुशार. त्यांनी परराष्ट्र खात्याच्या कचेरीत, फार्नेसिनात, नावं नोंदवली. तिथं आधुनिक इटालियन कलेचा संग्रह आहे. इमारत मुळात मुसोलिनीच्या पक्षासाठी आखलेली. पुरी झाली १९५९ साली, तोवर पक्षच उरला नव्हता. हे ऐकून बाबूंना एकदम घरच्यासारखं वाटलं. बाहेर आर्नाल्दो पोमोदोरोचा काशाचा प्रचंड गोळा आहे, जागोजाग चिरलेला, आतले दाते दाखवणारा. बाबूंनी त्याला प्रदक्षिणा घातली. "दुरुस्तीला उघडलाय. ठेकेदार पळाला असणार."

आत चित्रं ते मन लावून बघत, पण कडेनं; मान वाकडी करून, मागे नंबर टाकलाय का ते. संग्रह १९९९ पासूनचा, बहुतेक कलाकृती कलावंतांनी नाहीतर त्यांच्या वारसांनी ठेवायला दिलेल्या, सरकारनं विकत घेतलेल्या नव्हेत, असं कळलं मात्र, बाबू जागीच थबकले.

"पावतीवर सही कुणाची? आणि वारसांत तंटा झाला, तर नामांतरण?"

हे इटालियनमध्ये विचारायला लेकीनं साफ नकार दिला. माझ्या मते त्या दिवशी तिथं याहून मुद्द्याचं कुणी काही विचारलं नसेल.

मग पिस्तोलेत्तोचा 'एत्रुस्कन' आला. प्राचीन पुतळ्याची प्रतिकृती, हात लांबवून समोरच्या भल्यामोठ्या आरशाला बोटं टेकवून उभी. बाबूंचे डोळे चमकले.

"हा अर्जदार!"

"बाबा, तो वक्ता आहे."

"पहिल्या दिवशी सगळे वक्तेच असतात. मग हात असा पुढे येतो. आणि खिडकीत बघतो तर साहेब नाहीत, हाच उभा!" जावई गप्प झाले. बाबूंनी चष्मा पुसला. "कधीचा आहे?"

"१९७६."

बाबूंनी खिशातून पेन काढलं. "अर्ज कुठाय त्याचा?"