निबंधावर शेरा मारण्याचे प्राथमिक धडे

साहित्य: लाल पेन, एफवायबीएच्या असाइनमेंटचा गठ्ठा आणि आंबिवलीहून कल्याणकडे निघालेली लोकल. मध्ये फक्त शहाड. बसायला मिळालंच तर दोन निबंध उरकतात. तिसरा काढू नये. कल्याणला उतरताना गठ्ठ्याची पानं आपली राहत नाहीत.

विद्यापीठाच्या पेपरवर शेऱ्याची हौस भागत नाही. 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासून घेतल्या, निकाल महिनोन्महिने रखडले, कुलगुरूंना जावं लागलं. विद्यार्थ्याच्या हाती शेवटी पडले ते गुणच. तेव्हा आपला हात असाइनमेंटवर साफ करावा.

विषय समजा 'एनआरसी कारखाना आणि मोहने परिसर'. आंबिवलीजवळचा हा कारखाना 2009 मध्ये बंद पडला तेव्हा ही मुलं पाळण्यात होती, म्हणून निबंध 'आजच्या धकाधकीच्या युगात'पासून सुरू होतो. खचू नये.

सुरुवात 'छान'ने करावी. वेळ लागत नाही, कोणी भांडायला येत नाही. हात बसला की 'विस्तार हवा' लिहावं. मूल तेच वाक्य तीनदा फिरवून आणतं आणि विस्तार होतो. 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' लिहिताना मात्र स्वतःच्या वेलांट्या बघून घ्याव्यात, मुलं बघतात.

एवढ्यावर नोकरी निभावते. तरीही खाज असेल तर 'अनेक कामगारांचे नुकसान झाले' हे वाक्य शोधावं (असतंच), 'अनेक'खाली रेघ मारावी आणि समासात लिहावं: 'यांतला एक कोण? त्याच्या घरात काय बदललं? चार ओळी लिही.' पानभर लाल करू नये. एका वाचनाला एक प्रश्न पुष्कळ झाला.

परिणाम लगेच दिसतात. स्टाफरूमच्या दारात कोणीतरी उभी राहते. "मॅडम, आजोबांचं लिहिलं तर चालेल? ते एनआरसीत होते."

"अगं, तेच तर मागतेय."

नवा मसुदा येतो. धकाधकीचं युग जागेवरच असतं, पण खाली एक ओळ असते: कारखान्याचा भोंगा झाला की आजी कुकर चढवायची, आता भोंगा नाही तरी कुकर त्याच वेळी लागतो. इथे 'छान' लिहायचा मोह आवरावा. लिहावं: 'निबंध इथून सुरू कर. वरचं काढ. भोंगा किती वाजता व्हायचा, आजीला विचार.'

म्हणजे तिसरा मसुदाही वाचणं आलं. तासिका तत्त्वावर असाल तर त्याचे पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.