स्वर्गारोहणापूर्वीची चौकशी

परीक्षिताच्या हाती राज्य सोपवून पांडवांनी हिमालयाकडे प्रस्थान ठेवले, तेव्हा वाटेत हिम किती आहे याची चौकशी त्यांनी कोणाकडे केल्याचा दाखला माझ्या वाचनात नाही. आणि सहांपैकी पाच जण वाटेतच पडले, याचे कारण व्यासांनी ज्याच्या त्याच्या दोषात शोधले असले, तरी आमच्या चिरंजिवांनी ते या निष्काळजीपणात शोधले. चिरंजीव अमेरिकेत सिएटल शहरी नोकरीस असतात. साताऱ्यास तीस वर्षे संस्कृत शिकवून सेवानिवृत्त झालेला मी आणि माझे कुटुंब, असे आम्ही उभयतां मे महिन्यात त्यांच्याकडे मुक्कामास असताना, रेनियर पर्वतावरील पॅराडाइज नामक स्थळी, म्हणजे शब्दशः स्वर्गास, जाण्याचा बेत ठरला. आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत त्या घरात हिमाखेरीज दुसरा विषय निघाला नाही.

वास्तविक खिडकीबाहेर ऱ्होडोडेंड्रॉन फुलून गेले होते आणि शेजारचे गृहस्थ अर्ध्या विजारीत गवत कापीत होते. वसंत आला हे मानण्यास कालिदासाने याहून अधिक पुरावा मागितला नसता. परंतु "बाबा, इथला वसंत खालच्या खाली असतो," असे सांगून चिरंजिवांनी पॅराडाइज ५,४०० फुटांवर आहे आणि तिथल्या वाटा पुरत्या उघड्या पडायला जुलैचा मध्य उजाडतो, हे माझ्या कानी घातले. मग रोज रात्री जेवणानंतर दफ्तर उघडे. रस्ता कुठवर खुला, हिमप्रपाताचा इशारा आहे काय, डोंगरावरच्या कॅमेऱ्यात काय दिसते, या सर्व बाबींचा क्रमाने तपास होई. कॅमेऱ्यात दिसे ते असे की, कोऱ्या कागदावर शाईचे तीन ठिपके पडले आहेत. चिरंजीव त्यांस झाडे म्हणत, सूनबाई मोटारी म्हणत. पुढे, नुकतेच जाऊन आलेल्यांच्या कैफियती वाचल्या जात. एकाच रविवारी, एकाच वाटेने गेलेल्या दोघांपैकी एकाने ती वाट लहान मुलांसही सोपी असल्याचे लिहिले होते आणि दुसऱ्याने आपण जिवंत परतलो याबद्दल परमेश्वराचे आभार मानले होते. पहिला सकाळी सातला निघाला होता आणि दुसरा दुपारी एकला, हा तपशील सूनबाईंनी मोठ्याने वाचला; मी तेव्हा सुपारी कातरीत होतो.

आमच्या मुलखात राजगडास जायचे तर गुंजवण्याच्या चहावाल्यास "वाट बरी आहे का?" एवढे विचारावे, त्याने "हाय की" म्हणावे, आणि पुढे जे होईल ते प्राक्तन समजावे, अशी रीत, तेव्हा हा सारा खटाटोप मला भेकडपणाचा वाटत होता. परंतु हिम मोजण्याच्या शास्त्राचा एक आद्य आचार्य कोण, हे कळल्यावर माझा विरोध मावळला. नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवणारे जेम्स चर्च या प्राध्यापकांनी, विसाव्या शतकाच्या आरंभी, दाते पाडलेली एक पोकळ नळी हिमात खुपसून, आतल्या हिमासकट ती काट्याला टांगून, त्याचे पाणी किती होईल हे सांगण्याची पद्धत बसवली आणि तिच्या आधारे टाहो सरोवराची पातळी उन्हाळ्यात किती चढेल याचे भाकीत केले. अभिजात भाषेचा एक मास्तर सरोवराचा जमाखर्च सांगतो, हे ऐकून माझी छाती विनाकारण फुगली. हल्ली तर न गोठणाऱ्या द्रवाने भरलेल्या मोठमोठ्या उशा डोंगरात पसरून ठेवतात. हिम त्यांवर निजते, आणि उशीवरच्या दाबावरून त्याचे वजन दूर शहरात आपोआप कळते. ताज्या, भुसभुशीत हिमाच्या दहा इंचांचे जेमतेम इंचभर पाणी होते. वसंतात तेच हिम दबून दहा इंचांत चार-पाच इंच पाणी बाळगते.

"म्हणजे उंची घटते आणि वजन वाढते," मी समजून घेत म्हणालो.

"रिटायर झाल्यावर तुमचं झालं तसंच की, अहो," कुटुंबाने शेरा मारला.

शनिवारी पहाटे पाचला निघण्याचा हुकूम होता. माझे स्नान, संध्या आणि दोन वेळचा चहा उरकून आम्ही आठला निघालो; हिम काही पळून जात नाही, असे मी चिरंजिवांस ऐकवलेही. वाटेत लाँगमायर येथे पोळी-भाजीचा डबा सोडला, आणि पॅराडाइजला पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. लाँगमायर घराण्यातील एका स्त्रीने इथली फुले पाहून "काय हा स्वर्ग!" असे उद्गार काढल्याने हे नाव पडले, असे सांगतात, ती मे महिन्यात आली नसावी. मोटारतळाभोवती माझ्या डोक्याहून उंच अशा शुभ्र भिंती उभ्या होत्या. १९७१-७२ च्या मोसमात इथे ९३.५ फूट हिम पडून जागतिक विक्रम झाला होता. तो १९९८-९९ मध्ये याच राज्यातल्या माउंट बेकरने ९५ फूट पाडून मोडला. दीड फुटासाठी शेजाऱ्याने मात करावी, हे पाहून मला गावाकडचे बांधाचे दावे आठवले.

रुंद काठाच्या टोपीतील रेंजरने प्रथम विचारले, "बरोबर कुत्रा नाही ना? वाटांवर त्याला मनाई आहे." धर्मराज इथे आला असता तर पहिल्या पावलालाच तंटा उभा राहिला असता. मग त्याने सांगितले की, सकाळी कठीण असलेले हिम आता मऊ झाले आहे. झाडांच्या बुंध्यांशी आणि ओढ्यांवर ते आतून पोकळ असते. आणि पाऊलखुणा दिसल्या म्हणजे वाट सापडली असे समजू नये, कारण चुकलेल्या माणसाचीही पावले उमटतातच.

आम्हांस गाठायचा होता तो मर्टल धबधबा अर्ध्या मैलावर. ठळक पाऊलखुणांची एक ओळ एका देवदारापाशी गेलेली पाहून मी पुढे झालो, आणि अकराव्या पावलाला माझा उजवा पाय मांडीपर्यंत पृथ्वीच्या स्वाधीन झाला. डावा पाय वर, उजवा खाली, अशा त्या त्रिविक्रमाच्या मुद्रेत मी सुमारे दहा मिनिटे होतो. पाय निघाला, बूट आत राहिला, आणि तो काढण्यास चिरंजिवांना पोळीच्या डब्याच्या झाकणाने खणावे लागले. महाभारतात द्रौपदी प्रथम पडली आणि धर्मराजाने मागे वळून पाहिले नाही. इथे मी प्रथम पडलो आणि द्रौपदी फोटो काढीत उभी राहिली. सूनबाईंनी पतनाचे कारण विचारले, तेव्हा तिने सहदेवाचाच दोष माझ्या पदरी घातला: "आपल्याहून शहाणं कोणी नाही, असं यांना वाटतं."

तिथूनच आम्ही परतलो. हिम किती आहे, हे उशी सांगते. ते कोणत्या वेळी तुमचे वजन पेलणार नाही, हे घड्याळ सांगते. आणि तीस वर्षे मुलांना वेळेवर या म्हणून छड्या मारलेल्या माणसाने ते पाहिले नाही, यात हिमाचा काही अपराध नाही. तेव्हा वसंतात हिमाच्या वाटेस जाणाऱ्याने चौकशी करावी, आणि केल्यावर पहाटे उठावे. पॅराडाइजची वाट जुलैच्या मध्यास उघडते. आमचे परतीचे तिकीट २८ जूनचे होते.