चुना, देवी आणि गारगोटी

आपल्याकडे बंगल्याला नाव ठेवायचं झालं की घरातल्या नावांचे तुकडे जोडतात. सुमन आणि हर्षद यांचा ‘सुहर्ष’. पाटी लागते, अर्थ कुणी विचारत नाही. 1973 मध्ये अमेरिकेतल्या खनिजशास्त्रज्ञांनीही हीच युक्ती केली. ओरेगन राज्यात ओवायही धरणाजवळ एक गडद निळं खनिज सापडलं होतं. त्यात कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन. तिघांच्या नावांचे शेंडे खुडून बारसं झालं: कॅव्हॅन्साइट.

पण या निळाईचे सगळ्यात देखणे नमुने निघाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत. खडीसाठी काळा पाषाण फोडावा आणि आतल्या पोकळीत, पांढऱ्या स्टिल्बाइट या खनिजावर निळ्या काट्यांचे गोंडे बसलेले दिसावेत! जगभरचे संग्राहक त्यासाठी वाघोलीचं नाव घेतात. तिथल्या नगर रस्त्याच्या कोंडीत अडकलेल्याला हे सांगून मात्र बघू नये.

खनिजांना ठिकाणांची नावं देण्याची रीत आहे. लॅब्राडोरवरून लॅब्राडोराइट. अँडालुसाइटला नाव मिळालं अँडालुसियाचं, नमुना होता स्पेनमधल्या दुसऱ्याच भागातला. तरी नाव टिकलं. वाघोलीचं खनिज आधी हाती लागलं असतं, तर आज शहाणी माणसं ‘वाघोलाइट’ म्हणत असती. अर्थात, नाव मिळालं असतं तरी टिकलं असतंच असं नाही. छिंदवाड्याजवळच्या सीतापारचं नाव एका खनिजाला मिळालं होतं, सीतापाराइट. पुढे ते आधीच नाव ठेवलेलं बिक्सबाइटच निघालं. बिक्सबी नावाच्या अमेरिकन गृहस्थांचा नंबर आधी लागला होता. सीतापार गेलं.

कॅव्हॅन्साइट हे नाव मी बरेच दिवस परकं समजत होतो. मग एकदा उलगडून बसलो. कॅल्शियम आलं लॅटिन ‘कॅल्क्स’वरून, म्हणजे चुना. पानाला लावायचा तोच. सिलिकॉन आलं ‘सायलेक्स’वरून, म्हणजे चकमकीचा दगड, आपली गारगोटी. मधलं व्हॅनेडियम मात्र थाटाचं. 1830 मध्ये स्वीडनच्या सेफस्ट्रोमने या मूलद्रव्याच्या संयुगांचे सुंदर रंग पाहून त्याला ‘व्हॅनाडिस’ या देवीचं नाव दिलं. नॉर्स पुराणातली फ्रेया ती हीच, सौंदर्याची आणि प्रेमाची देवी. या खनिजाचा निळा रंगही व्हॅनेडियमचाच. थोडक्यात, एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला गारगोटी आणि मध्ये देवी. अशी ठिकाणं आपल्याकडे गावोगावी, शेताच्या बांधावर असतात. फक्त तिथे शेंदूर लावतात.

इतकं सगळं असून हा खडा अंगठीत बसत नाही. कठीणपणा तांब्याच्या नाण्याइतका, म्हणजे भांडी घासणाऱ्या हातात तो चार दिवस टिकायचा नाही. त्यामुळे शनीची बाधा निवारायचं काम त्याच्याकडे आलेलं नाही, ते नीलमाकडेच राहिलं. मला हे बरं वाटतं. ज्याच्याकडून कुणाला काहीच नको असतं, अशी देखणी वस्तू आता विरळाच. तो कपाटात बसतो, कापसावर, शेजारी चिठ्ठी.

त्या चिठ्ठीवर वरच्या ओळीत खनिजाचं नाव आणि खाली सापडल्याचं ठिकाण, असा रिवाज आहे. तेव्हा वाघोलीला दुसरी ओळ तरी मिळाली. पुढे जिल्हा लिहितात, आणि परदेशातल्या कितीतरी चिठ्ठ्यांवर अजून ‘पूना’च असतं. हे एखाद्या अस्सल पुणेकराच्या नजरेला पडलं, तर खनिज बाजूला राहील आणि संग्रहालयाला आधी शुद्धलेखनाचं पत्र जाईल.