वसंताची आवक-जावक

ठाण्याच्या थंडीविषयी ठाण्याबाहेरच्या माणसापाशी बोलणे हे अब्रूदाराचे काम नव्हे. नाशिककडील पाहुण्याने नुसत्या सदऱ्यावर गॅलरीत उभे राहावे आणि त्याच वेळी आपण कानटोपी, मफलर आणि सासुरवाडीहून आलेला स्वेटर अशा सरंजामानिशी त्याच्यापुढे चहाचा पेला धरावा, हा प्रसंग नौपाड्यात पौष-माघात घरोघर घडतो. आणि तरीही पारा अठरा अंशांच्या आसपास घुटमळू लागला की घंटाळी मैदानाभोवती सकाळच्या फेऱ्या घालणारे निवृत्त सद्गृहस्थ एकमेकांना "आज गारठा आहे बरं का" असे ज्या समाधानाने सांगतात, ते समाधान काश्मीरच्या रहिवाशालाही लाभत नसावे. अशा ह्या अल्पायुषी आणि बव्हंशी ऐकीव हिवाळ्याचा अंमल नेमका केव्हा संपतो व वसंताचा केव्हा सुरू होतो, हा प्रश्न पंचांगावर सोपवूनही मोकळे होता येत नाही. कारण पंचांगाने वसंतपंचमी माघात, म्हणजे ऐन शिशिरात ठेवली आहे, वसंत ऋतू चैत्रात ठेवला आहे, आणि घामोळे मात्र फाल्गुनातच उठते.

सुदैवाने आमच्या इमारतीत ह्या विषयाचे एक स्वतंत्र दप्तर आहे. तळमजल्यावरचे अण्णा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पण खाते माणसाला सोडते तेव्हा माणूस खात्याला सोडतोच असे नाही, त्यामुळे निवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी लाल कापडी बांधणीची एक वही आणून तीत 'आवक', 'जावक' आणि 'शेरा' असे तीन रकाने आखले व ऋतूंची बारनिशी सुरू केली. हिवाळाभर मैदानात शेपटी वरखाली करीत लगबगीने धावणारा पांढरा धोबी दिसेनासा झाला की त्याची नोंद जावकात होते. शेरा : 'हिमालयाच्या बाजूस रवाना. आश्विनात रुजू होणे अपेक्षित.' काटेसावरीचे पहिले लाल फूल, पिंपळाची तांबूस पालवी, तलावपाळीवर एरवी मळकट अंगाने बसणाऱ्या वंचक बगळ्याच्या पाठीवर विणीच्या दिवसांत चढणारा किरमिजी रंग, ही सारी आवक. आंब्याच्या मोहोराला दोन्ही रकान्यांत जागा ठेवावी लागते, कारण निम्मा येतो व निम्मा धुक्यात करपून जातो. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस जगभरचे हौशी लोक आपापल्या परसातील पक्ष्यांची गणती करतात, आणि त्यासाठी एका जागी अवघी १५ मिनिटे बसले तरी चालते, हे जेव्हा मी त्यांना सांगितले, तेव्हा ते काही वेळ गंभीर झाले व म्हणाले, "खानेसुमारी ठीक आहे, पण मोजणाऱ्याच्या सहीखाली दुसऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेतात की नाही? नाहीतर एकच कावळा चार घरी लागायचा."

ह्या दप्तराला अण्णांनी एक थोर परंपराही जोडून दिली आहे. गतशतकापूर्वीच्या मुंबई इलाख्यात, कस्टम व मीठ खात्यात, एडवर्ड हॅमिल्टन एटकेन नावाचा एक साहेब होता. १८५१ साली साताऱ्यास जन्मलेला हा गृहस्थ सरकारी मिठावर नजर ठेवण्याच्या मिषाने आयुष्यभर कावळे, बेडूक आणि मुंग्या न्याहाळीत राहिला, त्यांच्यावर खुसखुशीत पुस्तके लिहिता झाला, आणि १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत त्याचेही नाव लागले. (त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघेही होते, हे सांगताना अण्णांचा आवाज किंचित चढतो.) १९०० साली त्याने खास मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर पुस्तक काढले, आणि पुढे शास्त्रज्ञांनी ॲनोफिलीस कुळातील एका डासाला त्याचे नाव बहाल केले, ज्याचे सगेसोयरे आमच्या नौपाड्यात रोज दिवेलागणीला कानाशी येऊन त्या थोर पुरुषाचे स्मरण करून देतात. महसूल आणि मीठ ही भावंडखाती असल्यामुळे एटकेनसाहेब हा अण्णांच्या लेखी खात्यातलाच एक ज्येष्ठ सहकारी ठरतो. "त्या माणसाला कचेरीत काम कमी असणार," असे ते म्हणतात, ते आदराने म्हणतात.

अण्णांच्या दप्तराचा सार्वजनिक उपयोग झाला तो ठोकाठोकीच्या प्रकरणात. फाल्गुनातली दुपार, पंखे नुकतेच पुसून फिरू लागलेले, सारी इमारत वामकुक्षीच्या अधीन झालेली, अशा वेळी कोठून तरी 'टुक, टुक, टुक' असा, धातूवर लहान हातोडी पडावी तसा, अखंड व निर्विकार आवाज येऊ लागला. तिसऱ्या मजल्यावरील एका वृद्ध सभासदांनी लेखी तक्रार केली. सोसायटीच्या चिटणिसांनी, दुपारी दोन ते चार ह्या वेळात कोणीही सुतारकाम, लोहारकाम वा तत्सम ठोकाठोकी करू नये, अशी सूचना फळ्यावर लावली. आवाज थांबला नाही. तेव्हा संशय साहजिकच दुसऱ्या मजल्यावरील जोशीबाईंवर आला. कारण त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा बदलण्याची परवानगी दिवाळीतच मागून ठेवली होती. बाईंनी आपल्या घरात हातोडी तर सोडाच, अडकित्तादेखील नाही, असा जबाब दिला. मग कार्यकारिणीच्या तिघा सदस्यांची चौकशी समिती नेमण्यात आली, आणि ही समिती कान टवकारून जिन्यावरून वरखाली करू लागली. पण आवाजाचा स्वभावच असा विलक्षण, की समिती उत्तरेच्या जिन्यात गेली की तो दक्षिणेकडून येई, दक्षिणेस गेली की गच्चीवरून, आणि गच्चीवर पोहोचली की शेजारच्या इमारतीतून. त्यामुळे चौथ्या दिवसापर्यंत एकंदर नऊ बिऱ्हाडे संशयित ठरली, व त्यांपैकी दोघांनी तर परस्परांविरुद्ध साक्षही दिली.

अण्णांनी हे सारे तळमजल्यावरून स्वस्थपणे पाहिले. न विचारता माहिती पुरवणे हे त्यांच्या खात्यात शिस्तीविरुद्ध समजले जाई. अखेरीस समिती त्यांच्या दारी आली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली, आणि मागील तीन सालांच्या फाल्गुनातील नोंदी समितीस वाचून दाखविल्या : 'तांबट पक्षी. ठिकाण, आवारातील पिंपळ, वठलेली फांदी. विणीचा हंगाम.' मग सर्वांना आवारात नेऊन त्यांनी बोट दाखविले. चिमणीहून जेमतेम मोठा, हिरव्या अंगाचा, कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका आणि गळ्याशी पिवळा पट्टा ल्यालेला हा आरोपी सर्वांसमक्ष बसला होता. चोच बंद ठेवून गळा फुगवीत होता, आणि प्रत्येक 'टुक'सरशी मान डावी-उजवी फिरवीत होता, ज्यामुळे आवाज कधी ह्या जिन्यातून तर कधी त्या गच्चीवरून आल्याचा भास होत असे. चिटणिसांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. लावलेली सूचना मागे घेणे हे कार्यकारिणीच्या प्रतिष्ठेला धरून नव्हते, म्हणून ती तशीच राहिली. फक्त वठलेली फांदी छाटण्याचा जो ठराव संमत होता, तो, फांदीच्या खालच्या अंगाला तांबटाने वाटोळे भोक पाडून बिऱ्हाड थाटले आहे असे निदर्शनास आल्यावर, 'पुढील सभेत' ढकलण्यात आला. जोशीबाईंची मात्र कोणी माफी मागितली नाही. त्यांनी ओटा बदलण्याचे काम दुसऱ्याच दिवशी, बरोबर दोन वाजता, सुरू केले.

वसंत असा घरपोच मिळत असता त्यासाठी गाडीभाडे खर्चणे अण्णांना पटत नाही, तरी आमच्या सौभाग्यवतींच्या आग्रहास्तव आम्ही सर्वजण खाडीवरचे रोहित पाहावयास ऐरोलीस गेलो. २०१५ साली ठाणे खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरांचा पट्टा ह्या पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ही खाडी जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत दाखल झाली, हा मजकूर वाचून अण्णांनी होकार दिला. ज्या जागेला राजपत्र आहे तेथे जाण्यास त्यांची हरकत नसते. तेथील नावेचे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या हुकमावर चालते, कारण खाडी उथळ : नावेला भरतीचे पाणी हवे, पक्ष्यांना चरण्यासाठी ओहोटीचा उघडा चिखल हवा, आणि प्रेक्षकाने ह्या दोन पक्षकारांच्या तडजोडीत काय पदरी पडेल ते पाहावयाचे. पदरी पुष्कळ पडले. तिवरांच्या हिरव्या रांगेखाली, निवट्यांनी उड्या मारून मारून खणलेल्या काळ्याशार चिखलावर, पातळ गुलाबी रेघ ओढावी तशी ती सहस्रावधी पाखरे वाकडी चोच पाण्यात उलटी घालून शेवाळ गाळीत उभी होती. आणि नाव जरा जवळ जाताच त्या रेघेचे एक टोक हवेत उचलले गेले, पंखांखालचा लाल व काळा रंग एकदम उघडा झाला, तेव्हा नावेतील सर्व बोलके प्रवासी, आमच्या सौभाग्यवतींसकट, क्षणभर गप्प झाले.

"अहो, ह्यांना हा रंग येतो कुठून?" हा प्रश्न आला तो परतताना. शेवाळातील रंगद्रव्यांतून, असे मी सांगितले. आणि खाडीत ते शेवाळ एवढे माजण्यात शहरांच्या सांडपाण्याचा पुष्कळसा वाटा मानतात, असेही ओघात सांगून गेलो. ह्यावर अण्णांनी दशमीचा घास हातातच धरून विचार केला व आपल्या स्नानगृहाच्या मोरीचाही त्या गुलाबी वर्णात काही अंश असल्याबद्दल नम्र समाधान व्यक्त केले. सौभाग्यवतींनी दशम्यांचा डबा मिटला.

येऊरला मात्र ते येत नाहीत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू, पानगळीत विरळ झालेली रानवाट, पळसाचे केशरी झुबके, ह्यांचे मी कितीही वर्णन केले तरी त्यांचे उत्तर ठरलेले : "येऊरचा बिबट्याच इकडे येतो की." फेब्रुवारी २०१९ मध्ये एक बिबट्या खरोखरच भल्या पहाटे समतानगरच्या मॉलमध्ये शिरला, सुरक्षेच्या कॅमेऱ्यांत दिसला, पुढे जवळच्या एका हॉटेलच्या तळघरात सापडला, आणि वनखात्याने त्याला बेशुद्ध करून माघारी नेले. वहीत त्या तारखेस आवक व जावक अशा दोन्ही नोंदी आहेत, आणि शेऱ्यात लिहिले आहे : 'खरेदी काही नाही.'

चैत्र लागला आणि कोकिळाने पहाटे चारच्या सुमारास जी काही तान घेण्यास आरंभ केला, तिने तांबटाचे प्रकरण फिके पडले. कवींनी ह्या पक्ष्याची स्तुती केली, ती बहुधा दिवसा उठणाऱ्या कवींनी. लालबुंद डोळ्यांचा हा काळा नर पिंपळावरून ओरडून कावळ्यांना डिवचतो, कावळे त्याच्या मागे लागतात, आणि तेवढ्या अवधीत त्याची ठिपक्याठिपक्यांची तपकिरी पत्नी कावळ्याच्या घरट्यात आपले अंडे ठेवून येते. पोटभाडेकरू ठेवण्याची ही पद्धत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याहून फार जुनी असून १९९९ च्या कायद्यानेही तिला बाध आलेला नाही. आमच्या इमारतीपुरते सांगायचे तर वैशाखात कावळ्याच्या जोडप्याने चिटणिसांच्याच खिडकीवरील आडोशात, केबलच्या तारा, हँगर आणि कोणाच्या तरी चष्म्याची एक काडी वापरून, पक्के बांधकाम केले, आणि चिटणीस दूध आणावयास निघाले की त्यांच्या टाळूवर रोज एक टोच पडू लागली.

डोक्यावर पातेले धरून फिरणाऱ्या चिटणिसांनी तातडीची सभा बोलावली व सदर अनधिकृत बांधकाम पाडून टाकावे असा ठराव मांडला. जोशीबाईंनी पक्ष्यांची बाजू घेतली, त्यात त्यांचा पक्षिप्रेमाहून निराळाही काही हेतू असावा. मग अण्णा उठले. कावळ्याला नोटीस काढण्यास आपली ना नाही, असे त्यांनी प्रारंभीच सांगून टाकले; परंतु आतील अंड्यांपैकी किती कावळ्याची आणि किती कोकिळेची ह्याचा पंचनामा झालेला नाही, आणि ज्या पक्षकाराला नोटीसच मिळाली नाही त्याच्याविरुद्ध कारवाई केल्यास सारे प्रकरण तांत्रिक मुद्द्यावर फेटाळले जाईल, तरी अंड्यांतून कोण बाहेर पडते ते पाहूनच नोटिशीवर नाव घालावे. चिटणिसांनी विचारले, तोवर आपण काय करावे? अण्णांनी वहीतून मान वर न काढता सांगितले, "दूध पिशवीवाल्याकडून दारात मागवावं." पिंपळाच्या फांदीचा विषय त्याच सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर होता, तोही, तांबटाची पिल्ले अजून भोकातून डोकावत असल्यामुळे, पावसाळ्यानंतरपर्यंत तहकूब झाला.