सुई त्याला, बोलणी आम्हाला

माणसांच्या दवाखान्यात औषध आणि ओरडा दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात. जनावरांच्या दवाखान्यात वाटणी ठरलेली. सुई जनावराला, बोलणी घरच्यांना.

खंड्या पिल्लू होता तेव्हा बोलणी तारखांवरून. सहा ते आठ आठवड्यांचा झाला की पहिली लस, मग सोळावा आठवडा उलटेपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, शिवाय पंधरवड्याला जंताचं औषध. "तारीख चुकवाल तर पार्व्हो बेल वाजवून येत नाही," डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आमच्या कालनिर्णयावर संकष्टी आणि जंत शेजारीशेजारी नांदू लागले. पुढे त्याचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के आले. सगळे मजबूत निघाले, हे बाबांच्या कोल्हापुरी चपलांवरून कळलं.

"कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे आपली सात," हे काकांचं गणित डॉक्टरांनी खोडून काढलं. पहिल्याच वर्षात कुत्रा साधारण पंधरा वर्षांचा होतो, दुसऱ्यात चोवीस. पुढे वर्षाला चार-पाच, मोठ्या जातींचं त्याहून भरभर. म्हणजे बारसं आणि दहावी एकाच वर्षात! "क्लासची फी तरी वाचली," आई म्हणाली.

मध्यम वयात विषय एकच, वजन. "बरगड्या हाताला लागायला हव्यात," म्हणत डॉक्टरांनी चाचपून पाहिलं. सापडल्या नाहीत. "याला वरचं खायला कोण घालतं?" आजीने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे, बाबांनी भिंतीवरच्या गोचिडांच्या पोस्टरकडे.

सध्या फेऱ्या मनीच्या. पंधराव्या वर्षी मांजर माणसाच्या शहात्तरीत असतं, आणि दुखणं लपवण्यात पटाईत. म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी, मूत्रपिंडं, थायरॉइड, दात. बीपीसुद्धा, शेपटीला इवलासा पट्टा गुंडाळून. "घरातली पॅरासिटामॉल हिला चुकूनही द्यायची नाही, एका गोळीनेही मांजर दगावतं," हे डॉक्टरांनी आम्हा प्रत्येकाकडून वदवून घेतलं.

आजोबाही शहात्तरचेच. स्वतःचं बीपी ते कुणाला मोजू देत नाहीत. परवा सोबत आले होते. मनी टेबलावर डोळे मिटून बसलेली आणि आम्ही सगळे ओळीने उभे राहून ऐकून घेतोय, हा सोहळा त्यांनी मन लावून पाहिला. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "डॉक्टर गुणी आहे. पेशंटला एका शब्दाने बोलला नाही. माझीही फाइल इथेच काढा."